वर्दी उतरवून परत आलेल्या ताईला आपण काय दिलं?

१ जानेवारीला आमच्या भागातून दोन टेम्पो आणि पंधरा-वीस मोटारसायकली पेरणे फाट्याला गेल्या. दरवर्षीच जातात. पुढच्या टेम्पोला फ्लेक्स बांधला होता. वर बाबासाहेब, मध्ये विजयस्तंभ, बाजूला बंदूकधारी महार शिपाई आणि खाली अठरा कार्यकर्त्यांचे गॉगल लावलेले फोटो. टेम्पोत मागे, जेवणाच्या डब्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन एक ताई बसली होती. नाव सांगत नाही, तिनेच नको म्हटलं आहे. श्रीगोंदा तालुक्यातली. अकरा वर्षं तिने एका केंद्रीय सशस्त्र दलात काढली. छत्तीसगडच्या जंगलात गस्त घातली, काश्मीरमध्ये बर्फात नाक्यावर उभी राहिली. नोकरी सोडून घरी आली त्याला तीन वर्षं झाली.

त्या दोन टेम्पोंत नोकरी म्हणून हातात रायफल घेतलेलं माणूस एकच होतं, आणि ते डबे सांभाळत होतं.

परतताना शिक्रापूरला चहाला थांबलो. एका पोराने तिला विचारलं, "ताई, तुमचा वर्दीतला फोटो कधी स्टेटसला दिसला नाही?" ती हसली. म्हणाली, "सासूबाईंनी माळ्यावर ठेवलाय. पाहुणे आले की विचारतात ना, नोकरी का सोडली, तिकडं काय झालं होतं म्हणून."

पुरुष सैनिक निवृत्त होऊन आला की गावात मिरवणूक निघते, हल्ली तर जेसीबीवरून फुलं उधळतात. बाई परत आली की पहिला प्रश्न येतो, "काय झालं होतं?" हा प्रश्न विचारणारे फक्त सवर्ण गावकरी असते तर हा लेख लिहिण्याची गरज नव्हती. हा प्रश्न आपल्या वस्तीतही विचारला जातो, विहाराच्या पायरीवर बसूनही विचारला जातो. म्हणून हा लेख सरकारला उद्देशून आहे तेवढाच आपल्यालाही उद्देशून आहे.

बायांची नावं, बायांना दार बंद

नगरकरांना लष्कर नवं नाही. भिंगारच्या बाजूला गेलं की छावणी लागते. रणगाडा दलाचं केंद्र आणि प्रशिक्षण शाळा इथे आहे, यांत्रिकी पायदळाचं केंद्र इथे आहे, रणगाड्यांचं संग्रहालय आहे. शाळेच्या सहली तिथे जातात, मुलं रणगाड्याजवळ फोटो काढतात. सहलीतल्या मुलींना एक गोष्ट कोणी सांगत नाही: नगरची लष्करी ओळख ज्या दोन दलांवर उभी आहे, रणगाडा दल आणि यांत्रिकी पायदळ, त्या दोन्ही दलांत लढायला मुलींना आजही प्रवेश नाही. तोफखान्याचं दार महिला अधिकाऱ्यांसाठी २०२३ मध्ये उघडलं. पायदळाचं आणि रणगाड्याचं उघडलेलं नाही.

आणि नावं बघा. ज्या भुईकोट किल्ल्यासाठी हे शहर ओळखलं जातं तो १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध लढवला चांदबीबीने. पुढे काही वर्षांत तिला मारलं ते शत्रूने नाही, तिच्याच लोकांनी, ती मोगलांशी तह करते आहे अशी आवई उठवून. आज डोंगरावरच्या ज्या इमारतीला आपण 'चांदबीबी महाल' म्हणतो ती तिची नाहीच, ती सलाबतखानाची कबर आहे. २०२४ मध्ये जिल्ह्याला अहिल्यादेवींचं नाव मिळालं, ज्यांचा जन्म जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा आणि ज्यांनी जवळपास अठ्ठावीस वर्षं राज्य चालवलं. जिल्ह्याच्या पाटीवर बाई, दंतकथेत बाई, भाषणात बाई. ज्या जिवंत बाईने खरोखर नोकरी म्हणून बंदूक उचलली ती मात्र माळ्यावर.

आपली चळवळ परत आलेल्या सैनिकांनी उभी केली

आपल्या पोरांना १८१८ पाठ आहे. १८१८ नंतर काय झालं, हे किती जणांना माहीत आहे?

महार सैनिक कंपनीच्या आणि मग ब्रिटिशांच्या फौजेत होते. छावणीत सैनिकांच्या मुलांना शाळा सक्तीची होती, आणि मुलींनाही. हा मुद्दा आपण नेहमी घाईत सोडून देतो. ज्या काळात गावात अस्पृश्याच्या मुलाला शाळेच्या ओट्यावर चढता येत नव्हतं, त्या काळात छावणीत महार सैनिकाची मुलगी पाटीवर अक्षरं गिरवत होती. रामजी सुभेदार अशाच लष्करी शाळेत १४ वर्षं मुख्याध्यापक होते. भीमाबाईंचं माहेर मुरबाडकरांचं, तेही सुभेदार मेजरांचं घर. म्हणजे बाबासाहेबांच्या दोन्ही बाजूंना लष्कर होतं आणि लष्करामागून आलेली शाळा होती.

हे सैनिक निवृत्त होऊन परत आले तेव्हा काय झालं? गोपाळबाबा वलंगकर परत आले ते दापोलीत. छावणीत माणूस म्हणून जगलेल्या माणसाला गावात पुन्हा महार म्हणून जगायचं होतं, आणि त्यांनी ते नाकारलं. लेखणी हातात घेतली, संघटना काढली, अर्ज केले. १८९२ मध्ये इंग्रजांनी 'लढवय्या जातीं'च्या नावाखाली महारांची भरती बंद केली तेव्हा त्याविरुद्ध लढले तेही हेच परत आलेले सैनिक. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये पुन्हा तीच मागणी सरकारपुढे ठेवली. १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते, आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. या पन्नास वर्षांच्या लढ्याची सुरुवात केली ती पेन्शन घेऊन घरी आलेल्या माणसांनी.

आणि एक गोष्ट. १९०१ मध्ये छोटा भीम घरातल्या इतर मुलांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे निघाला. मसूर स्टेशनवर उतरले. कपडे नीटनेटके, चेहऱ्यावर छावणीत वाढलेल्या मुलांचा आत्मविश्वास. स्टेशनमास्तरला वाटलं, ब्राह्मणाची मुलं असतील. जात कळली आणि त्याचा चेहरा पालटला. बैलगाडीवाल्याने दुप्पट भाडं घेतलं आणि गाडी मुलांनाच हाकायला लावली. रात्रभर पाणी मिळालं नाही. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आपण ती अस्पृश्यतेची गोष्ट म्हणून वाचतो, आणि ती आहेच. पण ती एका सुभेदाराच्या घराच्या नागरी आयुष्यात परतण्याचीही गोष्ट आहे. वर्दी छावणीच्या फाटकापर्यंत चालते. फाटकाबाहेर जात उभी असते.

आता यात एक नोंद मिळवा. १८९२ ची भरतीबंदी आपण पुरुषांची नोकरी गेली म्हणून शिकवतो. त्या बंदीने पुढच्या पिढीच्या मुलींची शाळासुद्धा गेली. किती मुली अक्षराशिवाय राहिल्या असतील याचा हिशोब आपल्या इतिहासाने कधी मांडला नाही. स्त्रियांनी चळवळीत काय केलं हेसुद्धा ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून लिहिलं म्हणून आपल्याला कळलं.

चार वर्षांची वर्दी

आता आजचं बोलू.

१९९२ पासून सैन्याने महिलांना डॉक्टर-नर्सच्या पलीकडे अधिकारी म्हणून घ्यायला सुरुवात केली, पण ठरावीक वर्षांपुरतं. पाच वर्षं, मग वाढवत वाढवत चौदा. अधिकाऱ्याच्या पेन्शनला वीस वर्षं लागतात. म्हणजे चौदा वर्षं द्या आणि पेन्शनशिवाय घरी जा. याविरुद्ध महिला अधिकारी कोर्टात गेल्या. तिथे सरकारने लेखी सांगितलं की जवान बहुतांश ग्रामीण भागातले असतात, महिलेचा हुकूम मानण्याची त्यांची मानसिक तयारी नसते. नीट वाचा. दिल्लीतल्या पितृसत्तेने आपलं पाप खेड्यातल्या पोरांच्या डोक्यावर टाकलं. १७ फेब्रुवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला आणि कायम नियुक्तीचा हक्क दिला. तरी सैन्याने चाळिशी ओलांडलेल्या बायांना पंचविशी-तिशीतल्या पुरुषांचे वैद्यकीय निकष लावले. २५ मार्च २०२१ ला न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की हा आडमार्गाने केलेला भेदभाव आहे.

हे झालं अधिकाऱ्यांचं. आपल्या वस्त्यांतल्या मुली अधिकारी कितीशा होतात? आपल्या मुली जातात शिपाई म्हणून. सैन्यात शिपाई म्हणून महिलांना घेतलं ते फक्त लष्करी पोलिसांत. पहिली ८३ जणींची तुकडी मे २०२१ मध्ये बंगळुरूला बाहेर पडली. महार रेजिमेंट पायदळ आहे आणि पायदळात महिला जवान नाहीत. म्हणजे ज्या रेजिमेंटच्या नावाने आपण छाती पुढे काढतो, तिच्यात आपल्या बहिणीला शिपाई म्हणून भरती होता येत नाही. कधी कोणत्या शौर्य दिनाच्या मंचावरून ही मागणी झाली? मी तरी ऐकली नाही.

मग २०२२ चा जून आला आणि अग्निपथ आली. वय साडेसतरा ते एकवीस, नोकरी चार वर्षं, त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे कायम. बाकीच्यांना 'सेवा निधी' म्हणून सुमारे ११ लाख ७१ हजार. हा आकडा भरती अकॅडमीच्या प्रत्येक बोर्डावर आहे. त्याचा हिशोब बोर्डावर नाही. पहिल्या वर्षी पगार ३० हजार, हातात येतात २१ हजार. दरमहा ३० टक्के कापले जातात. चार वर्षांत तिच्याच पगारातून सुमारे ५ लाख २ हजार कापून घ्यायचे, तेवढेच सरकारने घालायचे, वर व्याज. निम्मी रक्कम तिचा स्वतःचा घाम आहे. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, लष्करी आरोग्य योजना नाही, कॅन्टीन नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, 'माजी सैनिक' हा दर्जा नाही.

या शेवटच्या वाक्यावर थांबा. महाराष्ट्र सरकारच्या गट 'क' आणि 'ड' च्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. आपल्या मुलीकडे अनुसूचित जातीचा दाखला असतो, ती महिला असते, आणि तिने सैन्यात नोकरी केलेली असते. पण माजी सैनिकाच्या रकान्यात तिला बसता येत नाही, कारण कागदावर ती माजी सैनिकच नाही. केंद्रीय सशस्त्र दलांतून आलेल्यांचंही तेच. १९८६ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाने महिलांची पहिली बटालियन उभी केली, २००७ मध्ये याच दलाच्या महिला संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत लायबेरियाला गेल्या, जगाने कौतुक केलं. गावी आल्यावर त्या 'माजी सैनिक' नाहीत. पंजाबमध्ये तर लष्करी परिचर्या सेवेतून आलेल्या एका कॅप्टन बाईला लोकसेवा आयोगाने माजी सैनिक मानायला नकार दिला. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन तिला ते सिद्ध करावं लागलं. कॅप्टनची ही गत, तर पाथर्डीच्या ऊसतोड मजुराच्या पोरीने कुणाकडे जायचं?

नौदलाच्या पहिल्या अग्निवीर तुकडीत पावणेतीनशेच्या आसपास मुली होत्या. मार्च २०२३ मध्ये ओडिशातल्या चिल्काहून त्या प्रशिक्षण संपवून बाहेर पडल्या. सगळ्या वृत्तवाहिन्यांनी त्यांचं संचलन दाखवलं. त्यांची चार वर्षं भरून त्या घरी येतील तेव्हा स्टेशनवर कॅमेरा असणार नाही. तिथे आपण असणार आहोत का, एवढाच प्रश्न आहे.

घरी परत येणं म्हणजे काय

सैन्यात रुळणं सोपं नसतं. ज्या पोरीने वस्तीबाहेर एकटीने एसटीचा प्रवास केलेला नसतो ती पंजाब, मणिपूर, केरळच्या पोरींबरोबर एका बराकीत झोपते. पहिले दोन-तीन महिने रडते. मग पाय घट्ट होतात, आवाज मोठा होतो, हिंदी सुधारते. स्वतःचं बँक खातं, स्वतःचा पगार, स्वतःचा नंबर. श्रीगोंद्याची ताई सांगते, "तिकडं मला कुणी कुणाची मुलगी, कुणाची बायको म्हणून हाक मारत नव्हतं."

तिने नोकरी का सोडली? बदली झाली, मुलगा तीन वर्षांचा, तो तिच्या आईकडे होता आणि आई वारली. नवऱ्याने सांगितलं, "मी कंपनीची शिफ्ट सोडू शकत नाही." कुणी नोकरी सोडायची, यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही. हातात आली ती नव्या पेन्शन योजनेतली रक्कम, त्यातलाही मोठा हिस्सा वार्षिकीत अडकलेला.

घरी आल्यावर ती पहाटे साडेचारला उठायची. करायला काही नाही. अंगणात फेऱ्या मारायची. रात्री झोप नाही, टाळ्यांचा आवाज झाला तरी दचकायची. आवाज मोठा म्हणून 'तोंडाळ' ठरली. किराणा दुकानात जायला सासूबाईंना विचारायला लागलं. गस्तीवर हाताखालच्या मुलींना हुकूम देणारी बाई दळणाला जायची परवानगी मागते. याला कौन्सिलरच्या भाषेत काय म्हणायचं ते म्हणा, माझ्या समाजशास्त्राच्या भाषेत ही पदावनती आहे. तिच्या चुकीशिवाय झालेली.

मी तिच्याबरोबर एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. कोणत्या ते महत्त्वाचं नाही. टेबलावरच्या बाबूने कागद न बघताच विचारलं, "मिस्टर कोणत्या युनिटला होते?" ती म्हणाली, "मीच होते." तो पुन्हा म्हणाला, "हो, पण अर्ज मिस्टरांच्या नावाने लागेल." त्याचा दोष म्हणावा तर त्याच्या समोरचे सगळे नमुने त्याला तेच शिकवतात: सैनिकाची पत्नी, सैनिकाची विधवा, सैनिकाचे पाल्य. वीरपत्नी, वीरमाता. बाई या व्यवस्थेत नात्याने येते. स्वतःच्या नावाने आलेली बाई कुठल्या रकान्यात लिहायची हे त्या टेबलाला ठाऊक नाही.

शेवटी एका सुरक्षा एजन्सीने तिला काम देऊ केलं. बारा तासांची ड्युटी, गेटवर बायकांच्या पर्सा तपासायच्या, पगार अकरा हजार. पुरुष माजी सैनिक तिथे सुपरवायझर होता. तिने विचारलं, मला सुपरवायझर का नाही? उत्तर आलं, "मॅडम, गार्ड लोक ऐकणार नाहीत." सर्वोच्च न्यायालयात फेटाळलेला युक्तिवाद एमआयडीसीच्या गेटवर जिवंत होता.

आता दुसरी गोष्ट. आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका गावातली मुलगी. आई-वडील दर दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागणारे. ही अग्निवीर झाली. चार वर्षं लग्न करायचं नाही ही नोकरीची अट. सुट्टीवर आली की स्थळं येतात, तारीख पुढची ठरवू म्हणतात. ११ लाख ७१ हजार हा आकडा स्थळवाल्यांना तोंडपाठ आहे. "हुंडा नको आम्हाला, आपण बौद्ध आहोत. फक्त तिचे पैसे आले की त्यात मुलाला गाडी घेऊन देऊ, धंदा करील." बघा किती सोज्ज्वळ भाषा आहे! चार वर्षं पोरीने घाम गाळायचा आणि तिचा सेवा निधी सासरी हुंडा म्हणून जमा. हे मनुस्मृती मानणाऱ्या घरात नाही, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असलेल्या घरात चाललं आहे.

एका बाजूला नोकरी म्हणते लग्न करू नको, दुसऱ्या बाजूला घर म्हणतं लग्नच कर. १९८८ मध्ये लष्करी परिचर्या सेवेतल्या एका अधिकारी बाईला लग्न केलं म्हणून काढलं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला ६० लाख रुपये द्यायला लावले. छत्तीस वर्षं गेली. बाईच्या देहावर आणि लग्नावर हक्क कुणाचा, याचं भांडण छावणी आणि घर दोघे मिळून करतात, आणि तिला कुणी विचारत नाही.

आणि जात? सैन्यात अनुसूचित जातींना आरक्षण नाही. तरी गावात ऐकू येतं, "तुमच्यातल्यांना काय, सवलत असते." हा सोनईचा जिल्हा आहे, खर्ड्याचा जिल्हा आहे. इथे मुलीने मान वर करून चालणं म्हणजे काय हे मला सांगायला नको. वर्दीने जात झाकते असं ज्यांना वाटतं त्यांनी मे २०२५ आठवावा. ऑपरेशन सिंदूरची माहिती देशाला द्यायला कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंह उभ्या राहिल्या. देशाने टाळ्या वाजवल्या. आठ-दहा दिवसांत एका मंत्र्याने पहिलीचा धर्म काढला, दुसऱ्या एका ज्येष्ठ खासदाराने जाहीर सभेत दुसरीची जात काढली. वर्दी अंगावर असताना ही गत. वर्दी उतरल्यावर काय होत असेल?

तीन आक्षेप

पहिला आक्षेप भक्तांचा: देशसेवेत पैसे मोजता का? हो, मोजतो. पोट असलेली माणसं मोजतात. रामजी सुभेदारांच्या पेन्शनवर एक घर चाललं, त्या घरातून संविधानाचा शिल्पकार आला. पेन्शन म्हणजे भीक नव्हे, पुढच्या पिढीची फी असते. ती बंद करणाऱ्याने देशभक्ती शिकवू नये.

दुसरा आक्षेप आपल्याच डाव्या-पुरोगामी मित्रांचा आणि काही धम्मबांधवांचा: आपण बुद्धाचे अनुयायी, मुलींना बंदुकीकडे का ढकलायचं? प्रश्न प्रामाणिक आहे. पण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये सिंह सेनापतीचा प्रसंग घेतला आहे आणि मारण्याची इच्छा व मारण्याची गरज यांतला फरक समजावला आहे. तथागतांनी सेनापतीला हाकलून दिलं नाही. मी स्वतः कुठल्याही मुलीला भरतीला जा असं सांगत फिरत नाही. पण पहाटे पाच वाजता रस्त्याच्या कडेने १.६ किलोमीटर आठ मिनिटांच्या आत बसवायला धावणारी पोर मला दिसते, तिला दुसरी कुठली नोकरी आपण ठेवली आहे? युद्धाला विरोध जरूर करा. युद्धातून परतलेल्या बाईला विरोध करू नका.

तिसरा आक्षेप कुणी बोलून दाखवत नाही, पण मनात असतो: आधी समाजाचे मोठे प्रश्न, बायकांचं नंतर. याचं उत्तर ८० वर्षांपूर्वी दिलं गेलं आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूरला समता सैनिक दलाची परिषद आणि दलित महिलांची परिषद त्याच दिवसांत, त्याच शहरात भरली. महिला परिषदेच्या अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. समाजाची प्रगती आपण बायांच्या प्रगतीवरून मोजतो, हे बाबासाहेब तिथेच म्हणाले. मुलींनी लग्नाची घाई करू नये, हेही तिथेच सांगितलं. सैनिक आणि स्त्री, दोन्ही प्रश्न एकाच मांडवात होते. ते वेगळे आपण केले.

मग करायचं काय?

सरकारकडे मागण्या स्पष्ट आहेत. चार वर्षांनी परतणाऱ्या अग्निवीरांना आणि केंद्रीय सशस्त्र दलांतल्या माजी जवानांना 'माजी सैनिक' दर्जा द्या. केंद्र देत नसेल तर महाराष्ट्राने आपल्या भरतीत द्यावा. भरतीच्या अर्जात जात विचारता ना? मग कायम केलेल्या २५ टक्क्यांत कोणत्या जातीचे किती आणि त्यात मुली किती, हे दरवर्षी जाहीर करा. सैनिक कल्याणाच्या प्रत्येक जिल्हा कार्यालयात 'स्वतः सैनिक असलेली महिला' असा वेगळा रकाना, महिला अधिकारी आणि समुपदेशक द्या. पायदळाचं दार उघडा, महार रेजिमेंटसह.

पण निवेदन देऊन फोटो काढला की आपलं काम संपलं, असं यावेळी चालणार नाही. आपल्या हातातली कामं ही:

१) जिल्ह्याच्या १४ तालुक्यांत प्रत्येक विहाराने आपल्या भागातल्या सैन्य, नौदल, हवाई दल, केंद्रीय दलं आणि राज्य राखीव पोलीस दलात गेलेल्या व परतलेल्या मुलींची वही ठेवावी. नाव तिचं, नवऱ्याचं किंवा बापाचं नाही.

२) सेवा निधी तिच्याच खात्यात, तिच्याच सहीने. जे घर त्या पैशावर सोयरीक ठरवेल त्या लग्नाला कार्यकर्त्यांनी जाऊ नये. हुंड्याला नवं नाव दिलं म्हणून तो हुंडा राहत नाही असं नाही.

३) गावोगाव खाजगी अकॅडम्या पोरींकडून हजारो रुपये उकळतात. विहाराचं मैदान आणि अभ्यासिका आहे, शिकवणारी ताई घरात बसून आहे. वर्गणी काढा, तिला मानधन द्या. फुकटची सेवा मागू नका.

४) परतलेल्या बायांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावं. कार्यक्रम नको, हार नको, माईक नको. झोप का लागत नाही हे जिला सांगता येईल अशी दुसरी बाई समोर असली तरी पुष्कळ.

५) समता सैनिक दलाच्या जिल्हा आणि तालुका कार्यकारिणीत निम्म्या जागा बायांच्या. कवायत तिला शिकवायला लावू नका, तिच्याकडून शिका.

गोपाळबाबा परत आले तेव्हा त्यांच्या गावाने त्यांना पुन्हा खाली बसवायचा प्रयत्न केला. ते बसले नाहीत, म्हणून आपण आज उभे आहोत. आता परत येणाऱ्यांत मुली आहेत. त्यांना खाली बसवणारा गाव यावेळी आपणच आहोत.

मी हा लेख श्रीगोंद्याच्या ताईला वाचून दाखवला. तिने दोन गोष्टी बदलायला लावल्या, त्या बदलल्या. मग म्हणाली, "एवढं लिहिलंस, पण पुढच्या १ तारखेला डबे कोण धरणार ते लिहिलं नाहीस." तेही लिहितो. डबे मी धरणार आहे. फ्लेक्सवरच्या त्या अठरा जणांनी आपापलं नाव माझ्यामागे लावावं.

जय भीम! नमो बुद्धाय!